विज्ञान शिकायला परदेशात जायचं, तर पैसे देतं कोण?

गेल्या जुलैतली गोष्ट. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातले एक शेतकरी भर दुपारी मला भेटायला कॉलेजात आले. सोयाबीनमध्ये कोळपं चालू होतं, ते अर्ध्यावर सोडून आले होते. पायावर काळा चिखल तसाच वाळलेला. मुलगी आमच्याकडे एमएस्सी फिजिक्सच्या दुसऱ्या वर्षाला. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून त्यांनी विचारलं, "सर, लेकरू म्हणतंय तिकडं पगार देऊन शिकवतेत. खरं असतंय का असं? का कुणी फसवायलंय तिला?"

त्यांची शंका रास्त होती. भावकीतल्या एका मुलाला नीटमध्ये मार्क कमी पडले म्हणून एमबीबीएसला परदेशात पाठवलं होतं आणि त्यासाठी विहिरीजवळचं दोन एकर रान विकलं होतं. आमच्या भागात परदेशी शिक्षण म्हणजे रान विकणं, एवढंच चित्र लोकांनी पाहिलेलं आहे. त्यामुळे कुणी उलट सांगितलं की आधी संशयच येतो.

मी त्यांना म्हणालो, "काका, विज्ञानात पीएचडी करायची असेल तर ती म्हणते ते खरंय. मास्टर्स करायचं असेल तर अर्धं खरंय. आणि हे मिळवून देतो म्हणून कुणी पैसे मागत असेल, तर ते साफ खोटंय."

मी स्वतः नांदेड जिल्ह्यातल्या खेड्यातून बीएस्सी, संभाजीनगरला एमएस्सी आणि जर्मनीत पीएचडी करून परत आलेला माणूस. माझ्या वेळी ही माहिती मला कुणी दिली नव्हती. एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं निव्वळ चुकीच्या ठिकाणी शोधण्यात गेली. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

पीएचडीला पगार का मिळतो

आपल्याकडे नेट-जेआरएफ माहीत असते. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन परिषदेच्या परीक्षेत जेआरएफसाठी पात्र ठरलं की संशोधन करायला दरमहा पैसे मिळतात. 2023 पासून ही रक्कम 37,000 रुपये आहे. ही मदत नसते. सरकारला संशोधन हवं असतं आणि ते करणारा माणूस जगला पाहिजे, म्हणून हे मानधन. परदेशातही हिशोब हाच आहे, फक्त तिथे पैसा बऱ्याचदा विद्यार्थ्याच्या नावावर न येता प्राध्यापकाच्या प्रकल्पावर येतो. प्राध्यापक सरकारी संस्थेकडे प्रकल्प मांडतो. तो मंजूर झाला की उपकरणांना इतके, रसायनांना इतके आणि दोन पीएचडी विद्यार्थ्यांना इतके, अशी त्यात तरतूद असते. त्या दोन जागा भरायला त्याला माणसं लागतात. तुम्ही त्या जागेसाठी अर्ज करता.

म्हणूनच जर्मनी, नेदरलँड्स, स्वीडन, डेन्मार्क या देशांत पीएचडीची जाहिरात नोकरीच्या जाहिरातीसारखी निघते. पगार, कराराची मुदत, सुट्ट्या, आरोग्य विमा सगळं त्यात लिहिलेलं असतं. जर्मन विद्यापीठांत सरकारी वेतनश्रेणी असते आणि पीएचडीवाल्याला त्या श्रेणीच्या 50 ते 100 टक्के पगार मिळतो. विषयागणिक हा आकडा बदलतो. निवड तो प्राध्यापकच करतो. गुगलवर 'स्कॉलरशिप' असं शोधलं तर यातलं जवळजवळ काहीच हाती लागत नाही, कारण तिकडे याला कुणी स्कॉलरशिप म्हणत नाही. त्याचं नाव 'पीएचडी पोझिशन' किंवा 'डॉक्टोरल रिसर्चर'. माझी दोन वर्षं या एका शब्दापायी गेली.

अमेरिकेत पद्धत वेगळी. तिथे अर्ज विभागाकडे करायचा, निवड समिती करते आणि प्रवेशासोबतच पैशाचं पत्र येतं: फी माफ, आरोग्य विमा आणि वर्षाला साधारण 25 ते 45 हजार डॉलर मानधन, शहर आणि विद्यापीठ जसं असेल तसं. बदल्यात पहिली एकदोन वर्षं बीएस्सीच्या मुलांचं प्रॅक्टिकल घ्यायचं, पेपर तपासायचे. आठवड्याला वीस तासांपर्यंत हे काम असतं. याला टीचिंग असिस्टंटशिप म्हणतात. पुढे मार्गदर्शक ठरला की त्याच्या प्रकल्पातून रिसर्च असिस्टंटशिप मिळते. पाच-सहा वर्षं चालणारा हा अभ्यासक्रम असाच पुरा होतो आणि घरून रुपयाही मागवावा लागत नाही.

एक इशारा मात्र द्यायला हवा. प्रकल्पावरचा पैसा म्हणजे सरकारच्या धोरणावरचा पैसा. 2025 मध्ये अमेरिकेत संशोधन निधीला कात्री लागली आणि काही विद्यापीठांनी दिलेले प्रवेशसुद्धा मागे घेतले. म्हणून सगळे अर्ज एकाच देशात करू नयेत. पावसावरची शेती करणाऱ्या घरातल्या मुलांना हे वेगळं समजावावं लागत नाही. सगळं रान एकाच पिकाखाली कुणी टाकत नाही.

मास्टर्सचं गणित निराळं

मास्टर्सचा विद्यार्थी मुख्यतः शिकायला आलेला असतो, प्रयोगशाळेचं काम त्याच्या हातून फारसं पुढे सरकत नाही. म्हणून त्याच्यावर प्रकल्पातून खर्च होत नाही. इथे नाव असलेली शिष्यवृत्ती लागते, आणि अशा शिष्यवृत्त्या मोजक्या आहेत.

विज्ञानाच्या मुलांसाठी माझ्या मते सगळ्यात उपयोगाची म्हणजे इरॅस्मस मुंडस. वेगवेगळ्या देशांतली किमान तीन विद्यापीठं मिळून युरोपात एक मास्टर्स चालवतात. एक सत्र फ्रान्समध्ये, दुसरं स्पेनमध्ये, प्रबंध जर्मनीत, असं. निवड झाली तर फी नाही आणि दरमहा 1,400 युरो, जास्तीत जास्त 24 महिने. नॅनोसायन्स, खगोलभौतिकी, जैवतंत्रज्ञान, जलविज्ञान असे कितीतरी विषय त्यात आहेत. भारतातली मुलं दरवर्षी मोठ्या संख्येनं निवडली जातात. मराठवाड्यातली फार कमी दिसतात. आपली मुलं कमी पडतात असं नाही. हे नावच इथे पोचलेलं नाही.

जर्मनीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे बहुतेक सरकारी विद्यापीठांत मास्टर्सलाही फी नाही. बाडेन-वुर्टेमबर्ग या राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला 1,500 युरो घेतात, आणि अलीकडे म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही फी सुरू केली. इतरत्र किरकोळ सत्रशुल्क असतं. पण फी नाही म्हणजे खर्च नाही असं समजू नये. व्हिसासाठी एका वर्षाचा राहण्याचा खर्च, म्हणजे 11,904 युरो, तिकडच्या गोठवलेल्या खात्यात आधी भरून दाखवावा लागतो. रुपयांत ते 11-12 लाखांच्या घरात जातं. ते पैसे पुढे महिन्याला 992 युरो असे तुम्हालाच परत मिळतात, पण सुरुवातीला उभे करावे लागतातच. एजंट ही गोष्ट शेवटी सांगतात. तुम्ही आधी विचारा.

जपानच्या सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मास्टर्स आणि पीएचडी दोन्हींना चालते. फी माफ, विमानाचं भाडं, आणि दरमहा 1 लाख 43 हजार ते 1 लाख 45 हजार येन. वय 35 च्या आत हवं. अर्ज दूतावासामार्फत किंवा थेट विद्यापीठामार्फत करता येतो. पदार्थविज्ञान, रसायन आणि साहित्यविज्ञानाच्या मुलांनी जपानकडे आवर्जून बघावं. भाषेची भीती वाटते, पण बऱ्याच प्रयोगशाळांतलं काम इंग्रजीत चालतं आणि पहिल्या सहा महिन्यांत विद्यापीठंच जपानी शिकवतात.

इंग्लंडमधल्या एका वर्षाच्या मास्टर्ससाठी चेव्हनिंग शिष्यवृत्ती आहे. पण तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो आणि तिचा भर पुढारपणावर असतो. ताज्या एमएस्सीवाल्याला तिचा उपयोग नाही. तिकडचीच राष्ट्रकुल शिष्यवृत्ती 1959 पासून चालू आहे. भारतातून त्यासाठी नाव केंद्र सरकारच्या शिक्षण मंत्रालयामार्फत जातं. जे. एन. टाटा एन्डॉवमेंट तर 1892 ची. ती कर्जरूपानं मिळते, फेडावी लागते. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते टाटांच्याच शिष्यवृत्तीवर.

आपल्या सरकारच्या योजना

या योजनांची माहिती गावात सगळ्यात कमी असते आणि खरं तर सगळ्यात जास्त हवी असते.

केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांच्या मुलांसाठी वर्षाला 125 जागा. कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं. भूमिहीन शेतमजुरांसाठीची सोय त्यात आहे हे मी अनेकांना सांगितलं, तेव्हा पहिल्यांदा कुणाचाच विश्वास बसला नाही. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी मंत्रालयाची वेगळी योजना आहे, 20 जागांची.

राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती 2003 पासून आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला 75 जागा; अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडे. फी, राहण्याखाण्याचा खर्च आणि जाण्यायेण्याचं विमानभाडं मिळतं. मराठा समाजातल्या मुलांसाठी सारथी या राज्य सरकारच्या संस्थेची महाराजा सयाजीराव गायकवाड शिष्यवृत्ती आहे. इतर मागास, विमुक्त-भटक्या, आदिवासी, अल्पसंख्याक आणि खुल्या वर्गातल्या कमी उत्पन्नाच्या मुलांसाठी संबंधित खात्यांच्या योजना आहेत. 2024 मध्ये या योजनांच्या गुणांच्या आणि रकमेच्या अटींवरून बराच वाद झाला. त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर न जाता चालू वर्षाची जाहिरात पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावी.

सरकारी योजनेत आपली मुलं कुठे अडकतात ते सांगतो. पहिली अट असते जागतिक क्रमवारीत ठराविक क्रमांकाच्या आतल्या विद्यापीठात प्रवेश. दुसरी अट असते तो प्रवेश विनाअट असण्याची. आता तिकडची विद्यापीठं काय करतात, तर शेवटच्या सत्राचा निकाल हातात नसेल तर सशर्त पत्र देतात: 'अंतिम गुणपत्रिका दिल्यावर प्रवेश पक्का.' आपला निकाल लागतो उशिरा, गुणपत्रिका मिळते त्याहून उशिरा, आणि योजनेची शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याचं पूर्ण वर्ष यात गेलं. निकाल लागला होता, नेटवर दिसत होता, पण शिक्का मारलेला कागद मिळायला पाच आठवडे लागले, आणि चार फेऱ्या मारूनही खिडकीवर रोज तोच निरोप: "साहेब सहीला बसले नाहीत." त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. यावर उपाय एकच सापडला. शेवटच्या वर्षात असतानाच अर्ज करायचे, पण सरकारी योजनेचा विचार एमएस्सी पूर्ण झाल्यानंतरच्या वर्षासाठी करायचा. मधलं वर्ष एखाद्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून काढलं तर ते वाया जात नाही, उलट अर्जाला वजन येतं.

जातपडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला ही दुसरी अडचण. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे आजोबा-पणजोबांच्या नोंदी उर्दूत असतात. त्या शोधणं, वाचून घेणं, भाषांतर करून घेणं यात महिने जातात. पुण्यामुंबईच्या मुलांना ही कटकट बहुधा नसते. हे काम बीएस्सीत असतानाच घरच्यांनी करून ठेवावं. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते लगेच म्हणाले, "ते आमच्यावर सोडा सर. तहसीलच्या फेऱ्या आम्हाला नव्या नाहीत."

मेलमध्ये काय लिहायचं

आता सगळ्यात महत्त्वाचं. युरोपात आणि जपानमध्ये निवड प्राध्यापकाच्या हाती असते, म्हणजे पहिला दरवाजा तुमच्या ईमेलचा. काकांच्या मुलीनं तयार केलेला मेल मी पाहिला. 'आदरणीय सर, मला आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात नॅनोतंत्रज्ञानात संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे. मी मेहनती आणि प्रामाणिक आहे. कृपया संधी द्यावी.' हाच मजकूर साठ जणांना पाठवलेला. उत्तर एकाचंही नाही. असे मेल त्या प्राध्यापकाला रोज येतात आणि त्यात त्याला वाचण्यासारखं काही नसतं.

मी तिला विचारलं, "प्रोजेक्टमध्ये तू नेमकं काय केलंस?" ती म्हणाली, "काही विशेष नाही सर, कोबाल्ट फेराइट." मग तो चुंबकीय पदार्थ कसा बनवला ते तिनं सांगायला सुरुवात केली. लोखंड आणि कोबाल्टचे नायट्रेट पाण्यात विरघळवायचे, सायट्रिक आम्ल घालायचं, अमोनियाचे थेंब टाकत पीएच 7 ला आणायचा, हॉट प्लेटवर 80 अंशांना ढवळत राहायचं. तीन-चार तासांत पाकासारखं घट्ट जेल होतं. मग उष्णता वाढवली की ते एका कोपऱ्यात पेट घेतं, फुसफुसत सगळ्या भांड्यात आग सरकते आणि मागे काळसर, भुसभुशीत राख उरते. ती राखच फेराइट. पहिल्या खेपेला क्ष-किरण तपासणीच्या आलेखात 35.5 अंशांच्या कोनाजवळचं अपेक्षित शिखर आलं, पण 33 अंशांजवळ एक नको असलेलं शिखरही आलं. म्हणजे थोडं लोखंड फेराइट न होता हेमॅटाइट, म्हणजे साधं लोह-ऑक्साइड, होऊन बसलं होतं. तिनं सायट्रिक आम्लाचं प्रमाण बदलून पुन्हा तीन खेपा केल्या, तिसऱ्या खेपेला ते शिखर गेलं.

"हे लिहिलंस का मेलमध्ये?"

"चुकलेलं कसं लिहू सर?"

हेच लिहायचं असतं. प्राध्यापकाला बघायचं असतं की या मुलीच्या हातून प्रयोग बिघडला तर ती काय करते. पीएचडीची तीन-चार वर्षं बहुतेक प्रयोग बिघडतच असतात. आम्ही तिचा मेल नव्यानं लिहिला. पहिल्या दोन ओळींत त्या गटाच्या एका विशिष्ट शोधनिबंधाबद्दल, तो खरंच वाचून, एक प्रश्न. पुढच्या चार ओळींत 33 अंशांचं शिखर आणि तिनं काय बदललं ते. मग आपल्या कॉलेजात चुंबकीय मोजमापाचं यंत्र नाही, नमुने बाहेर पाठवावे लागले, हेही सरळ सांगितलं. शेवटी, येत्या वर्षात तुमच्याकडे जागा आहे का. सोबत एका पानाची माहिती आणि तो आलेख. असे मेल तिनं बारा पाठवले, प्रत्येक वेगळा. पाच उत्तरं आली. त्यातली तीन 'सध्या निधी नाही' अशी होती, पण उत्तरं आली. दोघांनी व्हिडिओ कॉलवर बोलावलं.

उपकरणं नसल्याचं लपवू नये, असं मी मुद्दाम सांगतो. आपल्या मुलांना त्याची लाज वाटते. जे हाताशी होतं त्यातून काय केलं, हे समजणारा माणूस जगात सगळीकडे असतो.

शिफारसपत्राबद्दल माझ्या सहकारी प्राध्यापकांना विनंती आहे. आपण सवयीनं लिहितो, 'हा विद्यार्थी हुशार, शिस्तप्रिय व सुस्वभावी आहे, त्यास शुभेच्छा.' अशा पत्रानं मुलाचं नुकसान होतं, कारण तिकडे त्याचा अर्थ असा लावतात की लिहिणारा याला ओळखतच नाही. त्यानं कुठला प्रयोग केला, कुठे अडला, किती मुलांमध्ये कितवा वाटला, असा एखादा प्रसंग लिहा. आणि पत्र मुलालाच लिहून आणायला सांगू नका. तीन पत्रं लागतात, त्यांपैकी एक तरी कॉलेजाबाहेरच्या मार्गदर्शकाचं असावं. ते कुठून मिळणार? तिन्ही राष्ट्रीय विज्ञान अकादमी मिळून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात. पुण्यात आयसर, एनसीएल, आयुका या संशोधन संस्था आहेत. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षापासून तिथे अर्ज करत राहावं. दोन महिने तिथे काम केलेल्या मुलाची बोलण्याची रीतसुद्धा बदलून येते, हे मी पाहिलंय.

आणखी एक. दीड-दोन हजार रुपये घेऊन आठवड्यात निबंध छापून देणाऱ्या 'आंतरराष्ट्रीय' म्हणवणाऱ्या मासिकांत काही छापू नका. ते अर्जात लिहिलं की जाणकार लगेच ओळखतो आणि बाकीच्या खऱ्या कामावरही त्याची सावली पडते.

तीन वर्षांची बीएस्सी, तारखा आणि खर्च

अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांना सोळा वर्षांचं शिक्षण लागतं. बारावीनंतर तीन वर्षांची बीएस्सी धरली तर पंधराच होतात. म्हणून एमएस्सी करूनच अर्ज करणं सोपं जातं. जर्मनीत तीन वर्षांच्या बीएस्सीवर मास्टर्सला अर्ज करता येतो, पण भारतीय विद्यार्थ्यांना 2022 च्या नोव्हेंबरपासून एपीएस प्रमाणपत्र सक्तीचं झालंय. कागद खरे आहेत का याची ती तपासणी असते, फी 18,000 रुपये, आणि वेळ लागतो.

अमेरिकेचे अर्ज 1 डिसेंबर ते 15 जानेवारीच्या दरम्यान बंद होतात, पुढच्या ऑगस्टसाठी. इरॅस्मस मुंडसचे साधारण ऑक्टोबर ते फेब्रुवारी. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत अर्ज तयार हवेत, आणि त्याआधी श्रावणापर्यंत आयईएल्ट्स किंवा टोफेल ही इंग्रजीची परीक्षा उरकलेली हवी. अमेरिकेतून पैशासह प्रवेशाचं पत्र आलं तर 15 एप्रिलपर्यंत उत्तर द्यायला वेळ असतो. तिथल्या बहुतेक विद्यापीठांनी हा करार केलेला आहे, त्यामुळे 'दोन दिवसांत हो म्हणा' अशा दडपणाला घाबरायचं कारण नाही.

हातचा खर्च किती? इंग्रजीची परीक्षा 17-18 हजार, पासपोर्ट 1,500, अमेरिकेचा प्रत्येक अर्ज साधारण 75 ते 125 डॉलर. अमेरिकेतल्या प्रवेशासाठीची जीआरई परीक्षा आता अनेक विभागांनी बंद केली आहे, म्हणून यादी बघूनच त्या परीक्षेवर पैसे घालवावेत. अर्जाची फी माफ करा असा साधा मेल विभागाला लिहिला तर बरेचदा करतात. जर्मनीतल्या आणि नेदरलँड्समधल्या पीएचडी जागांना अर्जाची फीच नसते. आमच्या हिशोबात त्या मुलीचं सगळं मिळून चाळीस हजारांत बसत होतं. काकांनी आकडा ऐकून मान हलवली आणि म्हणाले, "एवढं एका कट्ट्याचं बियाणं-खत बुडालं तरी जातंय."

जे आधीच इथे पीएचडीला नोंदलेले आहेत त्यांनी परदेशाची आशा सोडू नये. फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल फेलोशिप अशाच मुलांसाठी आहे: सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत काम, पदवी इथलीच. फ्रान्ससाठी रामन-शार्पाक फेलोशिप आहे, दोन ते सहा महिन्यांची. आपल्याकडे नसलेल्या एका उपकरणासाठी तेवढे महिनेही पुरतात.

परत यायचं का

वडील हा प्रश्न विचारत नाहीत, पण तो त्यांच्या मनात असतो. कागदावर उत्तर असं आहे: फुलब्राइटनंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, चेव्हनिंगनंतरही दोन वर्षं. प्रकल्पावरच्या पीएचडीला अशी अट नसते.

अटी पूर्वीही होत्या. 1913 मध्ये बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. मुदत संपली म्हणून 1917 मध्ये लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून यावं लागलं. वेगळ्या बोटीनं पाठवलेली त्यांची पुस्तकं महायुद्धात समुद्रात बुडाली. 1920 मध्ये ते पुन्हा गेले आणि शिक्षण पूर्ण केलं. पुढे 1950 मध्ये औरंगाबादला त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, जेव्हा मराठवाड्यात कॉलेज ही दुर्मीळ गोष्ट होती. त्या साडेअकरा पौंडांतून आमच्या भागाला काय मिळालं, हे मिलिंदच्या परिसरात, म्हणजे नागसेनवनात शिकलेल्या पिढ्यांना विचारावं.

आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची गुरुत्वलहरी वेधशाळा उभी राहणार आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्रानं तिला 2,600 कोटींची मंजुरी दिली. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंची ही यंत्रणा चालवायला लेझर, निर्वात तंत्र आणि सांख्यिकी जाणणारी माणसं लागतील. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनच्या वेधशाळांत, जर्मनीतल्या हॅनोव्हरमध्ये हे काम शिकता येतं. वसमत किंवा कळमनुरीची एखादी मुलगी तिथे शिकून आपल्या तालुक्याशेजारी शास्त्रज्ञ म्हणून रुजू होईल, असं मला मनापासून वाटतं, आणि हे आता निव्वळ स्वप्न राहिलेलं नाही.

निघताना काकांनी विचारलं, "आधी काय करावं मग?" मी म्हणालो, पासपोर्ट. आणि पासपोर्टच्या आधी नाव. आपल्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधारवर शेवटी. वडिलांचं नाव एकीकडे 'ज्ञानोबा', दुसरीकडे 'ज्ञानदेव'. आईचं नाव कुठे माहेरचं, कुठे सासरचं. तिकडचा अधिकारी ही दोन वेगळी माणसं समजतो आणि फाईल थांबते. दहावीची सनद, आधार आणि पासपोर्ट या तिन्हींवर एकेक अक्षर जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावबदल आणि मग आधार, या क्रमानं.

काकांनी खिशातून आधारकार्ड काढलं, चष्मा नव्हता म्हणून माझ्यापुढे सरकवलं. मी मुलीची गुणपत्रिका शेजारी ठेवली. दोन्हींवर वडिलांचं नाव वेगळं होतं. ते उठले आणि म्हणाले, "उद्या पाऊस नसला तरी कोळपं थांबवतो. आधी हे करून आणतो."